रेषेवरची नजर

मृदुलानं शर्यतीच्या शेवटच्या रेषेवरचं काम मागून घेतलं, ते भीतीपोटीच. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या घरून निघाल्यापासून तिला एकच चित्र दिसत होतं. बर्फाच्या त्या बंदिस्त हॉलमध्ये तिची आठ वर्षांची लेक ज्ञानदा स्कीवर उतारावरून सुसाट येणार आणि आपण ते बघत राहायचं, हे तिला सोसणारं नव्हतं. अधिकृत शर्यतीत इलेक्ट्रॉनिक घड्याळाच्या जोडीला हातात घड्याळ घेतलेलं माणूस लागतं आणि त्यानं वर उताराकडे बघायचंच नसतं, असं क्लबमध्ये कळलं, तसा तिनं लगेच हात वर केला.

“बाकीचे आईबाप बघायला येतात. तू न बघायला येतेस,” नवरा सुदर्शन म्हणाला. तो थर्मास घेऊन कुंपणापाशी उभा होता.

पंच विलेम, एक उंच म्हातारे गृहस्थ, नियम समजावून गेले. वरच्या दारापाशी एक आणि इथे एक, अशी दोन घड्याळं एकदमच सुरू केली होती. थांबवायची नाहीत. मूल रेषेवर आलं की फक्त बटण दाबायचं, घड्याळ आकडा धरून ठेवतं; वरच्या आणि खालच्या आकड्यांतला फरक म्हणजे मुलाची वेळ. नजर लाल रेषेवरच. मृदुलाला घाबरलं की डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची सवय. इथे तीही मोडायला हवी होती.

निम्मी मुलं नीट उतरली. मग रेषेवरचा इलेक्ट्रॉनिक डोळा बंद पडला. विलेमनी तो पुसला, हलवून पाहिला, आणि तिच्याकडे वळले. आता तिचीच वेळ अधिकृत धरणार होते. तिनं बटण चुकवलं, तर त्या मुलाला धापा टाकत पुन्हा वर जाऊन उतरावं लागणार.

पिवळ्या हेल्मेटची एक डच मुलगी निघाली. ती निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात लाउडस्पीकरवर ज्ञानदाचं नाव वेडंवाकडं घेतलं गेलं, म्हणजे तीही वरून निघाली. आणि मग वरून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला. पाठोपाठ कुंपणाकडची सगळी बडबड थांबली.

कोण पडलं? मृदुलाची मान वर जाऊ पाहत होती, पापण्या मिटू पाहत होत्या. देवाचं नाव ओठांवर आलं, ते तिनं उघड्या डोळ्यांनीच घेतलं. पिवळं हेल्मेट रेषेवर आलं. तिनं बटण दाबलं.

म्हणजे पडली ती आपलीच.

आता वर बघायला काय हरकत होती? पण ज्ञानदा उठली असेल, येत असेल, आणि नेमकी तिचीच वेळ आपण चुकवली तर? पाय मोडला असता तर सुदर्शन धावला असता. तो धावल्याचा आवाज आला नव्हता. तेवढ्या भरवशावर ती उभी राहिली. लाल रेषा तशीच, रिकामी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही तिनं पुसलं नाही.

बऱ्याच वेळानं निळ्या स्कीची टोकं दिसली. अगदी सावकाश. मृदुलानं बटण दाबलं, मग अंगठा तिथून निघेना. विलेमनी घड्याळ हळूच सोडवून घेतलं.

ज्ञानदाच्या हनुवटीला खरचटलं होतं. “मी पडले ते पाहिलंस, मामा?” तिनं डचमध्ये विचारलं; आईला ती तिथल्या मुलांसारखं मामाच म्हणायची.

“नाही गं,” मृदुला गुडघे टेकून तिची हनुवटी चाचपत म्हणाली. “तू आलीस, तेवढं पाहिलं.”