हॉयटची बाजू

थापा मारायला मला कुणी शिकवावं लागत नाही, पण ती फुंकर मात्र खरी आहे.

क्लिंच नदीकाठच्या आमच्या रेडिओ स्टेशनात एक जुना रिबन माईक होता. विटेएवढा जड, आणि आत केसाहून पातळ अशी अॅल्युमिनियमची पट्टी. कान असे तिखट, की एका शनिवारी भजन चालू असताना मधेच कुणीतरी रवंथ करताना ऐकू आलं. शोध घेतला, तर तीन मैलांवरची गाय. अशा माईकला मी फुंकर मारली.

हेतू चांगला होता हो. येत्या शनिवारी आमच्या गायिका व्हर्लीनबाईंना त्याच्यापुढे गाऊन पन्नास वर्षं होणार होती, म्हटलं जरा पुसून ठेवू. माझ्या बँजोवरची धूळ मी फुंकूनच उडवतो. आत 'टप्प' वाजलं आणि पट्टी फाटली.

नवरा गेला तेव्हाच बाईंनी सांगून ठेवलं होतं, "हा माईक मुका झाला की मीही." नवरा म्हणजे हॉयट. एकाच माईकच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून दोघं गायची. रिबन माईक पुढून ऐकतो तसाच मागूनही. दोन वर्षं मागची बाजू रिकामी होती, आणि बाई त्या रिकाम्या जागेकडे बघत गायच्या.

मी एमेट टॅकेटकडे धावलो. तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जुन्या माईकच्या प्रतिकृती बनवतो.

"फुंकर? अरे डेल्मर, तान्ह्या बाळाच्या कानाशी तोफ डागतात का?"

"शनिवारपर्यंत दुरुस्त होईल?"

"महिना लागेल. पण त्याचाच जुळा भाऊ करून ठेवलाय, तो ने. सख्खी आईसुद्धा फसेल."

आई फसली असती. व्हर्लीनबाई नाही फसल्या. शनिवारी, कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना, त्यांनी माईकच्या जाळीवर मागून हात फिरवला.

"इथला पोचा कुठे गेला?"

वरचा सूर लावताना हॉयट पुढे झुकायचा आणि त्याच्या टोपीची कड तिथे आपटायची. तब्बल अठ्ठेचाळीस वर्षं.

"डेल्मर, माझ्याकडे बघून बोल."

मी सगळं कबूल केलं. बाई गिटार पेटीत ठेवायला लागल्या.

"बाई, हा खोटा नाही, फक्त नवा आहे," माईक जोडायला आलेला एमेट गयावया करत म्हणाला. "मागूनही तितकंच छान ऐकतो."

"ऐकून काय करणार, मेल्या? तिथे आहे कोण?"

मग माझंच तोंड सुटलं. "मी उभा राहतो."

एमेटच्या नाकातून कॉफी आली. "तू गाणार?"

"त्यात काय? एकतीस वर्षं याच कार्यक्रमात गातोय!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "अरे, रिबन माईक डाव्या-उजव्या अंगाला ठार बहिरा असतो. तुला बाजूला कुणी उभं केलं होतं?"

"हॉयटनं. म्हणाला, आवाज फार मोठा आहे."

"बँजोचा?"

"हो... म्हणजे... बँजोचाच ना?"

बाई छताकडे बघायला लागल्या. तरी माझी आई दर शनिवारी फोन करून म्हणायची, "आज काय गायलास रे!" देव तिचं भलं करो.

लाल दिवा लागला. बाईंनी गिटार पुन्हा गळ्यात अडकवली आणि समोरच्या जागेकडे बोट केलं. "ये. पण दोन पावलं लांब राहा. आणि फुंकायचं नाही."

पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात मी असा काही वरचा सूर धरला की स्टेशनाच्या दारातला कुत्रा उठून निघून गेला. बाईंनी गाणं सोडलं, माईकची दांडी धरली आणि हसत सुटल्या. तीन परगण्यांना ऐकू जाईल असं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ते हसू दोन वर्षांत कुणाच्या कानावर पडलं नव्हतं.

मग डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पलीकडे नाही, माझ्याकडेच.

"पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "आणि डेल्मर, घाबरू नकोस. जरा मोठ्यानं."