मग तुमचं हाय काय?

खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा प्रसेनजितने पोह्यांची बशी गुडघ्यावर घट्ट धरली आणि आईकडे पाहिलं. गंगूने डोळे वटारले. मुलगी पाहायला गेल्यावर फोन घ्यायचा नाही, हे तिने जीपमध्येच बजावलं होतं.

समोर मुलीचे वडील पुंजाजी बसले होते. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. बिनतिकिटाचा कोणी चढलाय का, अशा नजरेने ते पाहुण्यांना न्याहाळत होते. अंगणातला कडुलिंब त्यांनी लेक मंजुषा जन्मली त्या साली लावला होता. त्याच्या डहाळीलाही ते कुणाला हात लावू देत नाहीत, हे त्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी, पाणी देतानाच सांगून टाकलं होतं.

"तर तुमी करता काय?"

"वायरलेस इंटरनेट देतो, मामा. वायर पोचत नाही त्या गावाइले."

याच वाक्यावर आधीची स्थळं अडली होती. एकाला तो रिचार्ज मारणारा वाटला, एकाला केबलवाला. तिसऱ्याने तर वायरच नाही म्हणजे धंदाच नाही, असा निकाल दिला होता.

"टॉवर तुमचा?"

"नाही. शिरपूरच्या पान्याच्या टाकीवर डिश बसवली. ग्रामपंचायतीले भाडं देतो."

"इंटरनेट?"

"ते रिसोडहून कंपनीकडून घेतो. टाकीवरची डिश अन् घरावरची डिश एकमेकीले दिसल्या का झालं." प्रसेनजितने सवयीने बाहेर नजर टाकली. "तुमच्या घरावरून नाही दिसायची. मधात लिंब येते."

प्रयागबाई खाकरल्या. पुंजाजींनी बशी खाली ठेवली.

"टाकी गावाची, इंटरनेट कंपनीचं, वायर तर नाहीच. मग तुमचं हाय काय?"

प्रसेनजितने घरून घोकून आणलेलं उत्तर इंटरनेट द्यायच्या सरकारी लायसनचं होतं, ते आता त्यालाच फिकं वाटलं. दाराशी उभ्या मंजुषाकडे पाहायचा धीर होईना. रिसोडच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी ही मुलगी त्याला पाहताक्षणी आवडली होती. हे स्थळ हातचं जाऊ नये, असं त्याला जिवापासून वाटत होतं.

फोन पुन्हा थरथरला.

"उचला," पुंजाजी म्हणाले.

पलीकडून एका गिऱ्हाईक म्हातारीचा आवाज साऱ्या बैठकीला ऐकू आला. नेट बंद पडलं म्हणून तिने त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या.

"हो, तुळसाआजी. नाही, मेलो नाही. डब्बीवर लाल दिवा हाय का? मंग झाडताना पिन ढिली झाली असंन, दाबा तिले. आला हिरवा? आता नात रूपालीसंगं पोटभर बोला."

म्हातारीने तेवढ्याच जोरात आशीर्वाद दिला. दाराशी मंजुषा ओढणी तोंडाशी धरून हसली. प्रसेनजितने फोन खिशात ठेवला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"बंद पडलं का शिव्या मले पडतात, मामा. तेवढ्या माह्या."

पुंजाजी मिशीतल्या मिशीत हसले.

"गाडी माही नव्हती, रस्ता माहा नव्हता. पन घाटात पंक्चर झालं का पब्लिक माह्याच अंगावर यायचं." ते उठले. "बरं, कळवतो."

कळवतो म्हणजे काय, हे मायलेकांना आता पाठ झालं होतं. गंगू जीपमध्ये बसली. प्रसेनजितही बसला. गाडी सुरू होते न होते तोच मागून कुऱ्हाडीचा ठोका ऐकू आला आणि तो खाली उतरला.

पुंजाजी बाह्या सारून शिडीवर चढले होते. लिंबाची एक फांदी कडकड करत अंगणात आली. मंजुषा स्लॅबवर उभी राहून, कपाळावर हात धरून शिरपूरच्या दिशेने पाहत होती.

"दिसून राह्यली काय टाकी?" पुंजाजींनी विचारलं.

"अर्धीच, बाबा."

पुंजाजींनी मागे वळून पाहिलं.

"मंग उभा काहून राह्यला, प्रसेनजित? शिडी धर."