गारांची पुरचुंडी

वडवणीजवळच्या वस्तीवर आश्रुबाची नात संस्कृती सकाळपासून किरकिरत होती. पहिला दात येत होता, हिरड्या लालभडक झाल्या होत्या. सुनेनं, धनश्रीनं, चिकू कुस्करून दह्यात कालवला होता आणि फ्रीजमध्ये गोठवला होता. त्यातला एक खडा तिनं मऊ फडक्यात घट्ट बांधला आणि पोरीच्या तोंडाशी धरला. संस्कृतीनं आधी तोंड वाकडं केलं, मग चोखायला लागली.

आश्रुबा बघतच राहिला. "तुझ्या सासूनं, चतुरानं बी असंच केलतं," तो म्हणाला.

"तवा कुठला फ्रीज, मामा?"

"फ्रीज कशाचा! माळावर पाल व्हतं आमचं. मेंढरं घेऊन फिरायचो. तुझा नवरा परमेश्वर तवा असाच दातानं रडायचा. भाकरीचा काठ दिला तर फेकून द्यायचा. एका दुपारी गारा सुरू झाल्या. चतुरानं लेकरू पोटाशी धरलं आन् डोक्यावर घमेलं. मी कोकरं घोंगड्याखाली ओढत व्हतो. तरी दोन गेली."

"मग?"

"गारा थांबल्या. सगळा माळ पांढरा. मी डोक्याला हात लावून बसलेला, लेकरू रडतंय. चतुरानं चार गारा येचल्या, पाण्यानं धुतल्या, पदराच्या टोकात बांधल्या आन् त्याच्या तोंडात दिल्या. गप झालं की गं! चावायचं, शहारायचं, पुन्हा चावायचं. ती लई हसली. कोकरं मेलेली, आन् मी बी हसायलो."

परमेश्वर शेतातून येऊन दारातच थांबला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आबा, हे मला कधी सांगितलं न्हाई."

"ती व्हती तवर कोण सांगतंय? ती समोरच व्हती."

परमेश्वर चप्पल काढून बापाजवळ टेकला.

"धरा मामा, मला भाकरी टाकायच्यात," म्हणत धनश्रीनं पोरगी आश्रुबाच्या मांडीवर दिली. चोखता चोखता संस्कृतीचे डोळे मिटले. आश्रुबानं फडकं हळूच तिच्या तोंडातून काढून घेतलं. चिकूचं गार पाणी त्याच्या धोतरावर ओघळत होतं. पोरगी जागी होईल म्हणून त्यानं मांडी हलवली नाही.

"कसा रडायचो मी?" परमेश्वरनं हळू आवाजात विचारलं.

आश्रुबा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.