उजवीकडची मलमल

मयुरा विकाऊ घरांचे आतले फोटो काढायची. प्रताप नगरातल्या फ्लॅटच्या खोल्या लहान, मागे सरकायला जागा नाही, म्हणून तिला अल्ट्रा-वाइड लेन्स हवी होती. भिंतीला पाठ टेकवूनही अख्खी खोली मावली पाहिजे. जुन्या लेन्स विकणाऱ्या पुष्करनं एक वापरून बघायला दिली. ती घेऊन मयुरा थेट गांधीबागेत मनोहरमामांच्या कापडदुकानात गेली. छतापर्यंत ताग्यांची भिंत, प्रत्येकावर बारीक अक्षरांचं लेबल.

"काय करून राहिली वं?" मामांनी विचारलं.

"लेन्स पारखून राहिली, मामाजी. कोपऱ्यातली लेबलंही वाचता आली पाहिजे."

पहिला फोटो तिनं मोठा करून पाहिला. मधलं सगळं लख्ख. डावीकडची अक्षरं सुटी सुटी. उजवीकडे मात्र सगळं लोण्यासारखं वितळलेलं.

हात हलला असेल, म्हणून तिनं कॅमेरा स्टँडवर ठेवून टायमर लावला. तेच. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं प्रकाश घेणारं छिद्र बारीक करून आठच्या आकड्यावर आणलं. किंचित सुधारलं, पण डाव्या बाजूची सर येईना. कॅमेरा तिरपा असेल, म्हणून मामांच्या कापड मोजायच्या लोखंडी पट्टीनं तिनं कॅमेऱ्याच्या दोन्ही कडांपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. सारखंच भरलं.

"तिकडं मलमल ठेवली आहे. नरमच दिसंन ते," मामा गंभीरपणे म्हणाले.

मयुरा हसली, आणि मग विचारात पडली. दोष भिंतीकडे की काचेत, हे ठरवायचं कसं? तिनं कॅमेरा स्टँडवरून काढला, चार ताग्यांच्या चवडीवर चक्क उलटा ठेवला आणि पुन्हा बटण दाबलं. फोटो स्क्रीनवर सुलटा केला, तर मलमलीचं लेबल स्वच्छ वाचता येत होतं आणि डावीकडचं पॉपलीन पुसट झालं होतं.

"पाहा मामाजी, मलमलीचा काही कसूर नाही. भिंतीचा दोष असता तर जागच्या जागी राहिला असता. हा कॅमेऱ्यासंगं फिरला. आतलं एखादं भिंग सरकलं असंन."

मामांनी चष्मा वर करून दोन्ही फोटो आळीपाळीनं पाहिले. "अजब आहे," एवढंच म्हणाले.

पुष्करनं फोटो पाहिले आणि लेन्स परत घेतली. बदल्यात मयुरानं दुसरी निवडली. हिचं अ‍ॅपर्चर पहिलीइतकं मोठं उघडत नव्हतं, अंधारात ही कमी पडली असती, पण स्टँडवर काम करणारीला त्याचं काय? दुसऱ्या दिवशी त्याच ताग्यांपुढे तिनं ती लावून कॅमेरा सुलटा-उलटा ठेवून पाहिला. दोन्ही कडा सारख्याच रेखीव.

तेवढ्यात मामा फोटोच्या कडेला येऊन उभे राहिले. स्क्रीनवर त्यांचा चेहरा परातीएवढा पसरला.

"मी एवढा रुंद काहून दिसून राहिलो?"

"कडेचं माणूस ताणल्या जाते, मामाजी. ते रुंद लेन्सचं असंच असते. मधात या."

मधे ते मामांसारखे दिसले. पण मामांचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यांनी समोरच्या दुकानातल्या नत्थूजींना हाक मारली आणि मुद्दाम कडेला उभं केलं.