मनोऱ्याखालचं तेज

"हातात तार नाही, भिंतीत बटण नाही! आता बघा!" तेजोबाबांनी हातातली ट्यूब उभी धरली आणि ती आपोआप पेटली. पत्र्याच्या अंधाऱ्या शेडमधली गर्दी एकदम खाली वाकली. पुढच्याच्या पाठीवर मागच्याचं डोकं आपटलं, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

रेडिओताई मात्र ताठ उभी राहिली. गावच्या रेडिओ केंद्रावर निवेदन करण्यात तिची निम्मी हयात गेली होती. माणूस खोटं बोलू लागला की तिच्या कानाला आधी कळे. बाबांच्या शब्दागणिक तिचे कान टवकारत होते, आणि जीव तर टांगणीलाच लागला होता. धाकट्या बहिणीने बाबांचं ऐकून लेकीच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि कालच ती पोर शाळेत धाडकन कोसळली होती.

"ताई, तू बघच आता," बहीण कुजबुजली.

बाबांनी रेडिओताईच्या भाचीला चटईवर निजवून तिच्या अंगावर ट्यूब आडवी धरली. ट्यूब विझली. "दोष! काठोकाठ दोष!" मग हुंकार देत त्यांनी ट्यूब उभी केली. उजेड परत आला. "ओढला! पण पोरी, एक गोळी जरी घेतलीस तरी परत येईल हो!"

रेडिओताईने बाबांच्या बाह्या न्याहाळल्या, चटईखाली बोटं घालून चाचपलं. तार खरंच नव्हती. युक्ती सापडेना म्हणून तिला स्वतःचाच राग आला. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की उजेड स्थिर नाही. बारीक थरथरतो, मध्येच थांबतो, पुन्हा थरथरतो.

"हा देवाचा श्वास!" बाबा डोळे मिटून म्हणाले.

दारात चहावाल्याचा ट्रान्झिस्टर हळू आवाजात चालू होता. त्यावर तिचाच सकाळी ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम लागला होता. ती बोलली की ट्यूब थरथरे, ती थांबली की ट्यूब शांत. देव चक्क तिच्या तालावर नाचत होता!

मग मात्र तिला सगळं उमगलं. शेडला खेटून केंद्राचं कुंपण होतं आणि पलीकडे प्रसारणाचा लोखंडी मनोरा. केंद्र सुरू झालं तेव्हा इथे नुसता माळ होता. पुढे घरं सरकत सरकत कुंपणाला टेकली आणि रोजच्या सवयीने मनोरा लोकांना दिसेनासाच झाला. बाबांना तो बरोबर दिसला होता.

"दादा, आवाज वाढवा," ती चहावाल्याला म्हणाली. "मंडळी, ट्यूबकडे बघा. आता रेडिओतली मी एक प्रश्न विचारून थांबणार आहे. देवही थांबतो का पाहा."

"मग आपण काय करायचं?" रेडिओने विचारलं आणि तो गप्प झाला. ट्यूबची थरथर थांबली. रेडिओ बोलू लागला, ट्यूबही थरथरू लागली. गर्दीत चुळबुळ झाली.

"अश्रद्ध हात लागला तर भस्म होईल!" बाबा गरजले.

"होऊ दे भस्म." तिने ट्यूब काढून घेतली. उभी धरली, पेटली. आडवी केली, विझली. "कुंपणापलीकडच्या मनोऱ्यातून रेडिओच्या लहरी निघतात. त्यांचा विजेचा जोर मनोऱ्यासारखाच उभा असतो. इतक्या जवळ तो ट्यूबमधला वायू उजळवतो. ट्यूब आडवी केली की जोर लागत नाही. आणि लहरींवर आवाज स्वार असतो, म्हणून उजेड थरथरतो. दुकानातली कुठलीही ट्यूब आणा, हेच होईल."

बहिणीने ट्यूब हातात घेतली. लेकीच्या अंगावर आडवी धरली, उभी केली, पुन्हा आडवी.

"म्हणजे माझ्या लेकीच्या अंगातून काहीच निघत नव्हतं? हा नुसतं मनगट फिरवत होता?"

"हो गं."

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने पसार झाले.

"गोळ्या कुठेत?" रेडिओताईने विचारलं.

"इथेच अर्पण करायला लावल्या..." बहिणीने कोपऱ्यातल्या पेटीचं झाकण उघडलं. आत गोळ्यांची पाकिटं, औषधाच्या बाटल्या, इन्सुलिनच्या कुप्या. ती रडत रडत लेकीचं पाकीट शोधू लागली.

"माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यापण असतील बघ, पोरी," एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. त्यांच्यामागे आणखी कुणी, मग आणखी कुणी. एकमेकांच्या नजरेला नजर कुणीच देत नव्हतं.

रेडिओताईला दया आली, रागही आला. "यातलं काही तसंच तोंडात टाकू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. लाज वाटायचं कारण नाही, फसवणारा तो होता. पण यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच म्हणा, 'जरा माझ्या हातात द्या.' खरं असेल ते तुमच्याही हातात खरंच ठरेल."

तिचं बोलणं संपायच्या आत बहीण लेकीचा हात धरून दवाखान्याच्या वाटेला लागली होती.