हिलमनचं दार

नऊला गाडीत बसायचं आणि दहाला मोकळं, असा सयाजीचा शब्द होता. नवऱ्याचे असले शब्द निशिगंधानं अकरा वर्षं ऐकले होते, तरी तिनं पुन्हा विश्वास ठेवला. आता ह्याला काय म्हणावं?

२००४ सालचा मे महिना. कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं आणि सयाजीची १९४९ ची हिलमन मैदानात बाराव्या नंबरावर उभी होती. परीक्षक येईपर्यंत मालक-मालकिणीनं गाडीच्या काळाला शोभेल अशा पेहरावात आत बसून राहायचं, असा नियम. त्याला दहा गुण. म्हणून सयाजी फेटा बांधून स्टिअरिंगमागं आणि निशिगंधा नऊवारी, नथ आणि कपाळभर घाम घेऊन त्याच्या शेजारी. अकरा वाजता तिला कसबा बावड्यातल्या एका शाळेत मुलाखतीला हजर राहायचं होतं. नऊ वर्षं तात्पुरती बाई म्हणून तिनं पाचवीच्या पोरांना गणित शिकवलं होतं. आता कायमची जागा निघाली होती, तीही एकच, आणि पुढच्या वर्षी तिचं वय त्यात बसणार नव्हतं. आज हुकली की कायमची हुकली.

बांगड्यांमागं लपवलेलं घड्याळ तिनं हळूच बघितलं. सव्वादहा. परीक्षक अजून सातव्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते.

"मी उतरतो आता," ती म्हणाली. "रिक्षानं जातो."

"थांब की जरा. आलेच बघ."

तिनं दाराचा आतला दांडा फिरवला. तो गरागरा फिरला. दार तसूभर हललं नाही.

"अवो, ह्याला काय झालंय?"

सयाजी समोर बघत राहिला, पण त्याचे कान लाल झाले. कुठंतरी पाणी मुरतंय हे तिनं त्यावरनंच ओळखलं.

झालं होतं ते असं. हिलमनच्या दारांना आतून टेम्पोचे खटके बसवलेले होते. दिसायला ओबडधोबड, पण दार उघडायचे. गाडीचा मूळचा नसलेला एकेक भाग सापडला की परीक्षक गुण कापतात, म्हणून ह्या शहाण्यानं काल चारही खटके उपटले आणि मुंबईच्या जुन्या बाजारातनं आणलेले अस्सल दांडे लावले. दांडे अस्सल खरे, पण त्यांची कांडी बारीक, कुलपात नुसतीच फिरायची. काचा तर कधीपासूनच लाकडाच्या पाचरी मारून वर अडकवलेल्या. बाहेरनं दार उघडायला सयाजीचा धाकटा भाऊ ज्ञानू गाडीशी उभा राहणार होता. तो मिसळ खायला गेला होता, आणि ज्ञानूची मिसळ म्हणजे तासाची निश्चिंती.

"तुमाला म्हाईत होतं हे?"

"म्हंजे... ज्ञानू होता की हितं."

"आणि मला सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असतं तर बसली असतीस व्हय?"

हे खरं होतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

तिनं काचेवर हात आपटले. शेजारी हंबीररावांची लांबलचक गाडी सुरू करून ठेवलेली, त्या घरघरीत कुणाला काय ऐकू येणार? समोरच्या एका बाईनं हसून हात हलवला. दुसऱ्यानं फोटो काढला. नथीतली बाई काचेआडून हातवारे करतेय म्हणजे तो खेळाचाच भाग, असं लोक समजले. तिनं हॉर्न दाबला. त्याबरोबर अख्ख्या रांगेनं आपापले हॉर्न वाजवून उत्तर दिलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

"बघ, कसला आवाज हाय," सयाजी भान विसरून म्हणाला.

"ज्ञानूला फोन लावा."

"मोबाइल घरी ठेवलाय. गाडीत दिसला की गुण जातात."

"मग हंबीररावांना खुणवा. हे काय, शेजारीच हायत."

"त्याला? तीन वर्षं कप नेतोय तो! मेलो तरी न्हाय."

आत श्वास कोंडायला लागला होता. दसऱ्याला पहिला हार ह्या गाडीला. गोव्याची सहल म्हणून गेले, तर चार दिवस भंगाराच्या गोदामात. तिनं सगळं हसून घेतलं होतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपण ह्या गाडीची मालकीण नाही, तिचाच एक सुटा भाग आहोत. दहा गुणांचा. तिला रडू आलं, आणि रडूनही इथं उपयोग नाही हे कळून ते थांबलंही.

दहा पस्तीस. तिनं सीटखाली हात घालून इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल ओढून काढलं.

"अगं ए! ती काच ओरिजनल हाय! कोपऱ्यात शिक्का हाय बघ!"

"फेटा सांभाळा," ती म्हणाली आणि घाव घातला.

दुसऱ्या घावाला काचेचा चुरा झाला. तिनं हात बाहेर काढून दार उघडलं. मनगटाजवळ चांगलंच कापलं. हंबीरराव धावत आले.

"वैनी, लागलं काय?"

"थोडंच." तिनं वळून गाडीत बघितलं. दार सताड उघडं होतं. "चला, उतरा. घामानं निथळलाय नुसतं."

सयाजीनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा परीक्षकांकडं. ते अकराव्या गाडीशी पोचले होते.

"आता एकच गाडी ऱ्हायली की गं," तो म्हणाला. मांडीवरचे काचेचे तुकडे झटकून त्यानं फेटा सरळ केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

आतापर्यंत तिला त्याचा राग आला होता. आता नुसती कीव आली. ती रस्त्याकडं पळत सुटली.

शाळेत शिपाई तिसऱ्यांदा तिचं नाव पुकारत होता. नऊवारी, नथ आणि हाताला गुंडाळलेला रक्ताळलेला रुमाल, अशी ती मुलाखतीच्या खोलीत शिरली. टेबलामागचे तिघे बघतच राहिले.

"हाताला काय झालं, बाई?" मधल्यानं विचारलं.

"गाडीचं दार आतून उघडत नव्हतं, सर."

"मग?"

"काच फोडली." तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "विचारा आता, काय विचारायचं ते."