झाकणावरचा दोरा

जोसियानने कात्रीचं टोक दोऱ्याखाली घातलं आणि बाटलीच्या गळ्याभोवतीचा वेढा कापून टाकला. फाटलेला पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा तिच्या बोटाला चिकटला. सकाळपासूनचा हा अकरावा.

"पुन्हा एकदा," कॅमेऱ्यामागून बास्तियां म्हणाला. "छान चाललंय."

"छान चाललंय म्हणे," जोसियान पुटपुटली. टेबलावरची तिची सोबतीण जिस्लेन शेजारीच बसली होती; तिने मान खाली घालून हसू दाबलं.

कंपनीला शंभर वर्षं होत होती, म्हणून हा चित्रपट. फुलांचं शेत टिपून झालं होतं, तांब्याची भांडी टिपून झाली होती. आता अत्तराच्या बाटलीचं तोंड जनावराच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याने हाताने बांधणाऱ्या बायकांची पाळी होती. बायकांची म्हणजे त्यांच्या कामाची. जोसियान या टेबलावर एकेचाळीस वर्षं बसत होती, पण तिची बोटं सांध्यांशी सुजलेली, अंगठ्याचं नख दुभंगलेलं, आणि उजव्या तर्जनीला दोरा ओढून ओढून पडलेली खाच. "पडद्यावर हे जरा खरखरीत दिसतं, मादाम," असं बास्तियांने अगदी नम्रपणे सांगितलं होतं. तेव्हा पॅरिसहून क्लेमांस आली. मलमांच्या आणि अंगठ्यांच्या जाहिरातींत जे हात दिसतात, त्यांतले काही तिचे. सत्तावीस वर्षांची ही मुलगी जूनच्या उकाड्यातही पांढरे हातमोजे घालून आली आणि टेबलाशी बसल्यावरच तिने ते काढले. हात सुंदर होते, यात वाद नव्हता. जोसियानला त्यांचा राग आला, यातही नव्हता.

"बघ, पोरी," ती बाराव्या वेळी म्हणाली. "ओला पापुद्रा काचेच्या झाकणावर पसरायचा. खाली गळ्यापर्यंत ताणायचा. दोऱ्याचे दोन वेढे, मग फुली, मग गाठ. आणि गाठ मारताना ओढायचं. तू ओढत नाहीस, नुसती कुरवाळतेस."

"ओढलं की फाटतोय ना."

"एका हाताने ओढतेस म्हणून फाटतोय. दोन्ही हातांनी सारखं ओढ."

क्लेमांसने ओढलं. पापुद्रा फाटला. बास्तियां म्हणाला, "छान. पुन्हा."

जोसियानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर ती या मुलीवर चिडलेली नव्हतीच. गेली चार वर्षं ती दर जानेवारीत कारखान्याचे व्यवस्थापक लेरमित यांना चिठ्ठी लिहीत होती. टेबलावर अकरा जणी होत्या, आता तीन उरल्यात. हे काम हातात बसायला दोन वर्षं लागतात. मी जाण्याआधी एक, फक्त एक शिकाऊ द्या. आणि दर वर्षी लेरमित तिला वाटाण्याच्या अक्षता लावत: विचार चालू आहे, मादाम, तुमचं टेबल आमच्या डोळ्यांसमोर आहे. महिनाअखेरीस तिची निवृत्ती होती. शिकाऊ आली नाही, आणि आज हात तेवढे आले, तेही एका दिवसापुरते.

साडेबाराला बास्तियांने दिवे बंद करवले आणि सगळे जेवायला खाली गेले. क्लेमांस जागची हलली नाही.

"आणखी एक बाटली द्याल?"

"कॅमेरा बंद आहे," जोसियान म्हणाली.

"म्हणूनच. तो बघत असला की माझं लक्ष चेहरा न हलवण्याकडे असतं. आणि गंमत म्हणजे चेहरा कुणी टिपतच नाहीये."

जोसियानला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचंच तिला नवल वाटलं. तिने भरलेली बाटली पुढे केली. मग उठून मुलीच्या मागे उभी राहिली आणि तिच्या कोपरांना खालून आधार दिला. तिलाही एके काळी कुणी तरी असंच शिकवलं होतं.

"जोर बोटांतून नको. इथून. खांद्यातून. दोरा कुरकुरेल तेव्हा थांबायचं."

दोरा कुरकुरला. क्लेमांसने श्वास रोखून गाठ बसवली. जोसियानने बाटली उचलली, टीपकागदावर उलटी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. दोन मिनिटं झाली. कागद कोरडा होता.

"बसली?" क्लेमांसने विचारलं.

"बसली."

"आणखी एक द्या."

दुसरी थोडी वाकडी झाली, पण गळली नाही. तिसऱ्या वेळी जोसियानने कोपरांना हात लावला नाही. असे हात तिने उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिले होते, आणि त्या दोघीही केव्हाच काम सोडून गेल्या होत्या.

"तुला या कामाचे पैसे बरे मिळतात?" तिने विचारलं.

"मिळतात. पण कंटाळा येतो हो. भांडी घासायची नाहीत, मांजर पाळायचं नाही, आईच्या बागेत हात घालायचा नाही. आणि दिवसाअखेरी हातात काहीच नसतं." क्लेमांसने बाटली उजेडात धरली. "हे कुठे शिकवतात?"

"इथेच," जोसियान म्हणाली. "तू बस. मी आले."

ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली. लेरमित खाणावळीत मसुराच्या ताटावर वाकलेले होते, शेजारी बास्तियां.

"मस्यू लेरमित, मला शिकाऊ सापडली. ती वर बसलीय. तीन बाटल्या बांधल्या, एकही गळली नाही. निवृत्ती पुढे ढकला, मी वर्षभर फुकट येते, पण तिला घ्या."

लेरमित यांनी चमचा खाली ठेवला. बास्तियांकडे बघितलं. बास्तियांने पाण्याचा पेला उचलला.

"मादाम जोसियान, मला वाटलं जिस्लेनने तुम्हाला सांगितलं असेल. सप्टेंबरपासून झाकणं यंत्रावर बसणार आहेत. यंत्र आलंसुद्धा."

"मग टेबल?"

"टेबल कुठे जातंय!" त्यांचा चेहरा खुलला. "टेबल राहणार. खालच्या दालनात, काचेच्या मागे. तुमच्या कात्र्या, दोऱ्याची रिळं, सगळं. भिंतीवर हाच चित्रपट चालू राहील. दिवसभर. अहो, तुमचं काम आता कधीच बंद पडणार नाही."

जोसियान वळली. ती जिना चढू लागली. गुडघा दुखायला लागला, तेव्हा मधेच कठड्याला धरून उभी राहिली. चार वर्षं त्या माणसाने आपल्याला झुलवलं, आणि आपण दर जानेवारीत नीट अक्षरात लिहीत बसलो. स्वतःच्या मूर्खपणाची तिला इतकी चीड आली की डोळे भरून आले.

वर क्लेमांस पाचव्या बाटलीवर होती. टीपकागद कोरडाच होता. पण तिच्या उजव्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर दोऱ्याची लाल रेघ उमटली होती. कातडी अजून फाटली नव्हती. आणखी दहा बाटल्या, की फाटली असती. मग सूज, मग घट्टा, मग कायमची खाच.

"बघा ना," क्लेमांस बोट पुढे करून म्हणाली. तिला त्याचा आनंद झाला होता. "तुमच्यासारखं होणार बहुतेक."

जोसियानने तिच्या हातातून बाटली काढून घेतली.

"पुरे. हात गार पाण्यात धर. आणि ते मलमबिलम काय लावतेस ते लाव."

"चुकलं का काही?"

"नाही."

दोन वाजता दिवे पुन्हा लागले. जिस्लेन जेवून आली आणि जोसियानच्या नजरेला नजर न देता आपल्या जागी बसली. क्लेमांसच्या बोटावरची लाल रेघ पावडर लावून झाकली होती. क्लेमांसने पापुद्रा पसरला, वेढे घेतले, फुली घातली आणि खांदे मागे घेतले.

"ओढू नकोस," जोसियान म्हणाली.

क्लेमांसचे हात थांबले. जिस्लेनने झटकन वर पाहिलं.

"पण सकाळपासून तुम्हीच तर..."

"सकाळचं सोड. दोरा नुसता बोटावरून फिरव. ओढल्यासारखं कर. गाठ हलकेच ठेव."

"मग बसेल कशी?"

"दिसेल बसल्यासारखी."

क्लेमांस तिच्याकडे बघत राहिली. जोसियानने नजर बाटलीवरच ठेवली. शेवटी मुलीने दोरा हलकेच फिरवला, कुठेही न कुरकुरता. सगळं संथ, डौलदार झालं. पापुद्र्याला एक चुणीसुद्धा पडली नाही.

"हेच!" बास्तियां ओरडला. "सकाळपासून हेच मागत होतो! आता बाटली जरा तिरकी धरा, उजेड काचेतून येऊ दे."

क्लेमांसने बाटली तिरकी केली. जिस्लेन जोसियानच्या कानाशी झुकली.

"जो, गळतेय गं."

"दिसतंय मला."

"अगं, हे कायमचं राहणार आहे. लोक येऊन बघणार आहेत."

"थांबा जरा," जोसियान बास्तियांला म्हणाली. ती उठली, एप्रनच्या टोकाने बाटलीचा गळा पुसून कोरडा केला, मुलीच्या बोटांवरचा थेंब टिपला आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाली. "हं. घ्या."